ड्रॉप घ्यायचा की चार पेपर द्यायचे?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. न्हावऱ्याकडून निघालं की पारगावचा पूल, तो ओलांडला की चौफुला. दोन्ही काठांना ऊस; शिरूरच्या बाजूला रांजणगावची एमआयडीसी, दौंडच्या बाजूला कुरकुंभची. वाड्यावस्त्यांवरची मुलं सकाळची एसटी धरून शिरूरला बोरा महाविद्यालयात, दौंडला कटारिया महाविद्यालयात येतात. काही आणखी पुढे, पुण्याला जातात. कित्येक घरांत पदवीची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते.

आणि याच वयात मनाचे आजार पहिल्यांदा दिसू लागतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केले. आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा आजार वयाच्या २४व्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो, असं त्यात दिसलं. म्हणजे बारावी, पदवी आणि पहिली नोकरी याच काळात. एखादी मुलगी सेमिस्टरच्या मधोमध आजारी पडली की घरात एक वाद सुरू होतो आणि तो भीमेच्या दोन्ही काठांना सारखाच असतो: शिक्षण थांबवायचं की चालू ठेवायचं?

पुढच्या संवादातले मामा, आत्या आणि त्यांची भाची ही रचलेली माणसं आहेत. अशा घरांत जे बोललं जातं ते त्यांच्या तोंडी घातलं आहे. कायदे, निकाल, आकडे आणि संस्था मात्र खऱ्या आहेत.

मामा शिरूरचे, कॉलेजच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेले. आत्या दौंडच्या, सरकारी दवाखान्यात सिस्टर. भाची बी.एस्सी.ला. प्रॅक्टिकलच्या आधी जर्नल पुरं करायला ती सलग तीन रात्री जागली. चौथ्या दिवशी ती दमलेली नव्हती, उलट भरभरून बोलत होती. गावात मुलींसाठी प्रयोगशाळा काढायची, त्यासाठी मंत्र्यांना भेटायचं, म्हणून पहाटे चारला मैत्रिणींना फोन. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी असणार. दोन आठवडे अंगारे-धुपाऱ्यांत गेले. मग पुण्याला नेलं, भरती करावं लागलं आणि निदान झालं बायपोलरचं, म्हणजे मनःस्थिती कधी फार वर, कधी फार खाली नेणाऱ्या आजाराचं. आता ऑगस्ट उजाडलाय. लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, झोप लागते, बोलणं-चालणं नीट आहे. पुस्तक उघडते आणि अर्ध्या तासात मिटते. चौथ्या सेमिस्टरचे विषय राहिलेत आणि फॉर्म भरायचे दिवस जवळ आलेत.

“ताई, मी म्हणतो, सरळ एक वर्ष ड्रॉप घेऊ द्या पोरीला,” मामांनी विषय काढला. “डिग्री कुठं पळून चाललीय?”

“डिग्री नाही पळत, भाऊ. पण तुमच्या हातून इतके फॉर्म गेलेत. ड्रॉप घेऊन घरी बसलेल्या मुली परत वर्गात येऊन बसताना तुम्ही किती पाहिल्यात?”

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. “मुलगे येतात. कुठंतरी कामाला लागतात, कंटाळतात, मग येतात फॉर्म विचारायला. मुली…” त्यांनी वाक्य अडखळत पुरं केलं, “मुलींची लग्नं होतात.”

या एका वाक्यात ग्रामीण महाराष्ट्रातल्या ड्रॉपचं बरंचसं वास्तव आलं. कागदावर ड्रॉप एका वर्षाचा असतो. घरी बसलेल्या मुलीकडे मात्र पहिल्या दिवाळीपर्यंत स्थळं यायला लागतात. आजार लपवायचा असतो, म्हणून घाईही जास्त होते. नव्या घरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, मग त्या सुटतात. लिथियम अचानक बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका मोठा. मुलीच्या बाबतीत ‘आधी तब्येत’ म्हणणाऱ्यांनी हा पुढचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवूनच बोलायला हवं.

“पण डॉक्टरांनीच सांगितलंय ना, झोप मोडायची नाही,” मामा म्हणाले. “सकाळी सहाची एसटी, साडेसातचं लेक्चर, घरी यायला दोन. वर अभ्यास. पुन्हा तीन रात्री जागली तर?”

“तुमचं हे बोलणं शंभर टक्के खरं आहे. जागरणानंच तिचं बिनसलं. म्हणून मी सगळे विषय म्हणतच नाहीये. चार पेपर. एका वेळी झेपतील तेवढे. उरलेले पुढच्या सत्रात.”

आत्यांच्या बोलण्यामागे एक जुना अनुभव आहे, त्यांना तो ठाऊक असो वा नसो. बराच काळ मानसोपचारात असं धरून चालत की रुग्णाने आधी पूर्ण बरं व्हावं आणि मग जगात परतावं. बोस्टन विद्यापीठाच्या मानसोपचार-पुनर्वसन केंद्राने १९८०च्या दशकात हा क्रम उलटा केला. तरुणांना आजारासकट कॉलेजात परत आणायचं, विषय निवडण्यापासून प्राध्यापकांशी बोलण्यापर्यंत सोबतीला कोणीतरी द्यायचं आणि उपचार त्याच्या बरोबरीने चालू ठेवायचे. आधारासह शिक्षणाची ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. तिच्यामागचा विचार साधा आहे: वीस वर्षांच्या माणसासाठी ‘विद्यार्थी’ असणं हीच ओळख असते. ती काढून घेतली की उरते ती एकच ओळख, ‘पेशंट’.

एलिन सॅक्स यांचं उदाहरण जगभर दिलं जातं. ऑक्सफर्डमध्ये शिकताना त्यांना रुग्णालयात राहावं लागलं. पुढे येलला कायद्याचं शिक्षण सुरू केल्यावर पुन्हा भरती व्हावं लागलं. निदान स्किझोफ्रेनियाचं. त्यांनी येल सोडलं आणि परत येऊन पदवी पुरी केली. आज त्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक आहेत. थांबणं त्यांनाही चुकलं नाही. पण परतीचं दार उघडं होतं आणि आत ओळखीची माणसं होती.

“अमेरिकेचं नका सांगू,” मामा म्हणाले. “इथल्या टेबलावर काय चालतं ते मला माहितीय. पंचाहत्तर टक्के हजेरी नसली की टर्म मिळत नाही.”

“इथलाच कायदा सांगते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा. त्यात मानसिक आजार धरलेला आहे.”

“चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो त्याला.”

मामांची ही समजूत बऱ्याच कार्यालयांत आढळते आणि ती अर्धीच खरी आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. उच्च शिक्षणात प्रवेशासाठी ५ टक्के राखीव जागा आणि वयाची ५ वर्षांची सूट मिळवायला ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, हे बरोबर. मानसिक आजाराची टक्केवारी काढताना स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम असे चार भाग तपासतात. आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. त्यामुळे नुकतीच आजारी पडलेली आणि उपचारांनी सावरत असलेली मुलगी त्या मापात कमी भरू शकते. गोळ्या नियमित घेतल्या म्हणून दाखला हुकायचा, अशी ही अडचण.

पण कायद्यात आणखी एक गोष्ट आहे: ज्याला जी अडचण, त्याप्रमाणे व्यवस्थेने वाजवी फेरबदल करून द्यायचे. त्यासाठी ४० टक्क्यांची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली, म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने तो द्यायला लावला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. त्यांचं घराणं मूळचं शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातल्या कनेरसरचं.

मामा सावरून बसले. त्यांचा खरा मुद्दा पुढे होता.

“ठीक आहे, कायदा आहे. पण बाकीच्या पोरांचं काय? रांजणगावला रात्रपाळी करून सकाळी वर्गात डुलक्या काढणारा पोरगा मी पाहिलाय. बाप गेला त्याच आठवड्यात पेपर दिलेली मुलगी पाहिलीय. त्यांना कोणी जादा वेळ दिला? आणि दाखल्यांचं सांगू? एकाच डॉक्टरच्या लेटरहेडवर एकाच शाईत एकाच वळणाच्या सह्या, गठ्ठ्यानं आलेल्या पाहिल्यात मी. एकाला सवलत दिली की दहा खोटी निघतात. मग खऱ्याचंही कोणी खरं मानत नाही.”

हे म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. खोट्या दाखल्यांनी सर्वांत मोठं नुकसान खऱ्या रुग्णांचंच केलं आहे. आणि रात्रपाळीच्या मुलाला कोणीच विचारलं नाही, हेही खरं. पण त्याला मिळालं नाही म्हणून हिलाही मिळू नये, या न्यायाने दोघंही उपाशीच राहतात.

“प्रश्नपत्रिका तीच, तपासणी तीच, पासचे मार्क तेच,” आत्या म्हणाल्या. “मी मार्क मागतच नाहीये, भाऊ. तुम्हीच सांगत होता ना, प्लॅस्टरमधल्या मुलाला तुम्ही तळमजल्यावर बसवलं होतं?”

“ते दिसत होतं.”

“हेही दिसतं. बघा.” त्यांनी पिशवीतून भाचीची वही काढली. रसायनशास्त्राचं पान होतं. बेंझिनचा षट्कोन सहा वेळा काढलेला, प्रत्येकात एखादी बाजू नागमोडी. खाली समीकरण, त्यातला बाण दोनदा खोडून तिसऱ्यांदा ओढलेला. “लिथियमनं हात बारीक थरथरतो. तहान लागते, सारखं लघवीला जावं लागतं. पाणी कमी पडलं तर गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, तेही धोक्याचं. आता तुमचा नियम सांगा, पेपर चालू असताना मुलीला बाहेर सोडतात का?”

“पहिला अर्धा तास नाही. नंतर सोडतात, पण दर वेळी सुपरवायझरची कुरकुर.”

“म्हणजे आकृती काढायला दुप्पट वेळ, बाहेर जायला वेळ आणि वर सगळ्यांच्या नजरा. तिला येत नाही म्हणून ती नापास होणार नाही. पुरं लिहून होणार नाही म्हणून होईल.”

मामांनी वही जवळ ओढून बराच वेळ पाहिली. तिथून त्यांचं बोलणं परीक्षा विभागातल्या माणसाचं झालं. दाराजवळचा बाक. पाण्याची बाटली. लेखनिक घेणाऱ्या दिव्यांगांना तासाला वीस मिनिटं जादा द्यायची रीत आहेच, केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत ती होती. त्या धर्तीवर विद्यापीठाकडे मागणी करता येईल, पण फॉर्मबरोबरच, पेपरच्या आदल्या दिवशी नव्हे. पत्र मात्र उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचंच हवं, कुठल्याही फॅमिली डॉक्टरचं नको, आणि दर सत्राला नवं. “म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही,” ते म्हणाले.

“आणि पत्रात आजाराचं नाव?”

“अजिबात नको!” मामांचा आवाज चढला. “ताई, एक अर्ज किती हातांतून जातो माहितीय का? आवक-जावक, क्लार्क, ऑफिस सुपरिटेंडेंट, प्राचार्य, परत क्लार्क. संध्याकाळी एसटी स्टँडवर चर्चा. उद्या पोरीच्या लग्नाचं कोण बघणार?”

इथे दोघांचं चटकन जमलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला, २९ मे २०१८ पासून अमलात आला. उपचारांविषयीची गुप्तता हा त्यात रुग्णाचा हक्क आहे. कॉलेजला आजाराचं नाव कळण्याची गरजही नसते. ‘चालू औषधांमुळे हाताला कंप आणि वारंवार तहान, परीक्षेत जादा वेळ, पाणी व बाहेर जाण्याची मुभा आवश्यक’ एवढ्यावर काम होतं. ही माहिती कॉलेजात कोणाजवळ राहील, तेही अर्जात लिहून देता येतं.

मामांना मुक्त विद्यापीठही सुचलं. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने नोकरदारांना आणि गृहिणींना पदवीपर्यंत नेलं आहे. कला-वाणिज्यच्या मुलांसाठी तो चांगला रस्ता आहे. आत्यांची हरकत वेगळी होती. भाचीला प्रॅक्टिकल आवडतं, आणि तिला रोज बाहेर पडायला कारण हवंय. खोलीत एकटीनं पुस्तक घेऊन बसणं हेच तिला आत्ता सर्वांत जड जातंय.

“बरं, कॉलेजात गेली आणि बिनसलं तर? तिथं सांभाळणार कोण?”

२५ जुलै २०२५ रोजी सुकदेव साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारे निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. न्यायालयाला हे करावं लागलं त्यामागे आकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातले १,७६४, सर्व राज्यांत सर्वाधिक. या आकड्याची लाज आपल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला वाटायला हवी. निकालाच्या टक्केवारीचे फलक लावताना मधेच गळालेल्या मुलांची नोंद कोण ठेवतं?

तालुक्याच्या गावी प्रशिक्षित समुपदेशक मिळणं कठीण आहे, हे मामांचं म्हणणं आत्यांनी मान्य केलं. ससून, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, खासगी तज्ज्ञ, सगळं पुण्यात, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर. पण १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. भाचीच्या फोनमध्ये आणि तिच्या आईच्याही फोनमध्ये आत्यांनी तो घालून ठेवलाय. आईसाठी त्यांनी आणखी एक पत्ता काढलाय: पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले, मूळ धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणातून आलेल्या जाणिवेने १९९७ साली ती उभी केली. २००४ साली आलेल्या ‘देवराई’ चित्रपटामागेही वाणींचंच पाठबळ होतं. आजार वेगळा असला, तरी तिथे भेटणाऱ्या आयांना या आईची रात्र कळते.

“आणि कॉलेजात एकच माणूस पुरे,” आत्या म्हणाल्या. “एक मॅडम. जिला माहितीय. आठवडाभर दिसली नाही तर फोन करील. जास्त बोलायला लागली, झोप झाली नाही म्हणाली, तर घरी कळवील. समुपदेशक येईल तेव्हा येऊ दे.”

“प्राध्यापकांना हे काम कोणी सांगितलंय?”

“भाऊ, केडगाव माझ्याच तालुक्यात आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली तिथं आणल्या, तेव्हा त्यांना तरी कोणी सांगितलं होतं?”

१८९६-९७च्या दुष्काळात घरदार सुटलेल्या शेकडो मुली आणि विधवा रमाबाईंच्या आसऱ्याला आल्या आणि केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं. त्यांत अंध स्त्रियाही होत्या. त्यांना शिकता येणार नाही असं म्हणून रमाबाई थांबल्या नाहीत. त्यांच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि त्यांनी त्या स्त्रियांना वाचायला शिकवलं. विद्यार्थिनीला जमत नाही तर शिकवण्याची रीत बदला, ही गोष्ट दौंड तालुक्याला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे.

यावर मामांनी वाद घातला नाही, पण एक मुद्दा सोडलाही नाही. “समजा, सप्टेंबरात पुन्हा तसंच झालं. पुन्हा भरती. तेव्हाही पेपरच म्हणाल?”

“नाही. तेव्हा थांबायचं. मी स्वतः थांबवीन.”

“मग ते थांबणं माझ्या पद्धतीनं करायचं,” मामा म्हणाले. आणि इथे त्यांचंच बरोबर होतं. बहुतेक मुलं थांबतात ती नुसती येईनाशी होतात. अर्ज नाही, तारीख नाही. नाव पटावरून कधी गेलं ते त्यांनाही कळत नाही. मामांचं म्हणणं, थांबायचं ते अर्ज देऊन, पोच घेऊन, परत कुठल्या सत्रात येणार ते लिहून. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ सालीच विद्यापीठांना कळवलं होतं की पदवीच्या ठरलेल्या मुदतीवर दोन वर्षं आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष देता येईल. २०२१ साली श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, बँक आली. तिच्यात जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत धरले जातात. म्हणजे पास झालेले पेपर वाया जात नाहीत. “हे पोरांना कोणी सांगतच नाही,” मामा म्हणाले. “खिडकीवर येतात, आम्ही म्हणतो तारीख गेली, आणि ती निघून जातात.”

चार पेपर कुठले, यावर दोघांनी यादी करायला घेतली. मग आत्यांनीच पेन ठेवलं आणि भाचीला फोन लावला, स्पीकरवर.

“चार नको,” ती पलीकडून म्हणाली. “तीन. ऑरगॅनिक आत्ता नको, त्यात आकृत्या जास्त आहेत. आणि मामा, पत्रावर सही माझीच असेल ना? मला आधी वाचायचंय.”

“तुझीच. वीस वर्षांची आहेस तू,” मामा म्हणाले. “डॉक्टरांचं पत्र या आठवड्यात आण. सोमवारी मी कॉलेजात जातो, प्राचार्यांच्याच हातात देतो.” फोन ठेवल्यावर ते आत्यांकडे वळले. “मला अजून वाटतं, वर्षभर थांबली असती तर बरं झालं असतं. तीन पेपरचं काय होतंय ते बघू. निकाल लागला की पुन्हा बसू.”

“बसू,” आत्या म्हणाल्या आणि त्यांनी कॅलेंडरवर लेट फीची तारीख शोधायला सुरुवात केली.